पाऊस डोंगर वाटतो, पाणी कोण वाटतं?

‘कारण’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. माणदेशात दुष्काळ का? ‘डोंगराआड आहे म्हणून.’ झालं, विषय संपला! पण एखादी गोष्ट कारणांपैकी एक असणं वेगळं आणि तेवढ्यानेच सगळं घडणं वेगळं. आज हा फरक आपण सह्याद्रीवर तपासून पाहू.

आधी डोंगर काय करतो ते पाहू. जूनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन वारे येतात. कोकणपट्टी ओलांडली की समोर सह्याद्रीची भिंत. वाऱ्याला वर चढावंच लागतं. वर दाब कमी, त्यामुळे हवा प्रसरण पावते आणि थंड होते. ढग बनेपर्यंत दर १,००० मीटरला साधारण १० अंशांनी. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते पाऊस होऊन पडतं. माथ्यापलीकडे हीच हवा खाली उतरताना तापते, ढग विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. वारे तेच, ढगही तेच. मधे फक्त डोंगर.

माणसांनी आपली घरं आणि ताटं यानुसारच बेतली. कोकणात उतरती कौलं, ओटीला झापांचा आडोसा, पावसाआधी सुक्या मासळीची आणि सरपणाची बेगमी, ताटात भात. देशावर कमी पावसाच्या गावांत मातीची सपाट माळवदं, ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी. आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना धरूनही राहिली. पावसाळा सरला की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. कोकणातला शेतकरी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढरं बसवून घेतो. मेंढरांना चारा, शेताला खत. डोंगराने केलेली विभागणी माणसांनी अशी चालत जाऊन जोडली.

इथपर्यंत डोंगराचं म्हणणं आपल्याला मान्य. आता आपल्या प्रश्नाकडे येऊ.

पाऊस भरपूर म्हणजे पाणी भरपूर, असं असेल तर कोकणात टंचाई दिसायलाच नको. पण ३,००० मिलिमीटर पाऊस झेललेल्या कोकणातल्या कित्येक वाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहतात, बायका हंडे घेऊन उतार उतरतात. जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाचं पाणी बघता बघता खाडीला मिळतं. म्हणजे नुसता पाऊस पुरेसा नाही.

उलट बाजू पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेतलंच गाव. तिथे उतारावर चर खणले, पाणी अडवलं, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असं गावाने ठरवलं. डोंगर हलला नाही, गाव मात्र बदललं. म्हणजे कमी पाऊस हेही दुष्काळाचं पुरेसं कारण नाही.

तिसरं उदाहरण कोयनेचं. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी पूर्वेकडचं. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून घाटाखाली सोडून वीज केली जाते आणि ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. त्या विजेवर आपले दिवे लागतात, कारखाने चालतात. तेव्हा यात कुणाला खलनायक ठरवायचं कारण नाही. पण हा निर्णय डोंगराचा नव्हे, माणसांचा. आणि निर्णय म्हटला की विचारता येतं: कुणी घेतला, कुणासाठी, आणि तहान कुणाच्या वाट्याला आली?

निसर्गाला जाब विचारता येत नाही. म्हणूनच ‘निसर्गच तसा’ हे उत्तर फार सोयीचं असतं. ते दिलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. पावसाचे आकडे वेधशाळेने द्यावेत, ते आपण मान्य करू. पण पाण्याचा हिशोब ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, विधानसभेत मागावा लागेल. तो मागणं हे आपलं काम आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.