अरण्याचे रक्षण आणि अरण्यातला माणूस

निसर्गाचे रक्षण झाले पाहिजे, याबद्दल आज कोणाचे दुमत नाही. परंतु ते कोणी करायचे, कोणाच्या पैशाने करायचे आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न विचारणाऱ्याला मात्र निसर्गाचा शत्रू ठरविले जाते. मी असा शत्रू नाही. माझ्या आईने जळणाच्या मोळ्या विकून मला शिकविले. रानाचा राखणदार तिची कुऱ्हाड हिसकावून घेई आणि ती दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन पुन्हा रानात जाई. वाळलेले लाकूड सोडून ओल्या फांदीला तिने कधी हात लावला नाही. रान संपले तर चूल विझेल, हे तिला कोणत्याही संस्थेने शिकविले नव्हते. म्हणूनच रान राखणाऱ्या जगातील एका फार मोठ्या संस्थेचे काम समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

पंडाचे चित्र हे बोधचिन्ह असलेली 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' ही संस्था १९६१ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. त्याआधीच्या वर्षी जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सले यांनी आफ्रिकेतील वन्य प्राण्यांच्या ऱ्हासाबद्दल ब्रिटिश वृत्तपत्रात लेख लिहिले होते. त्यातून शास्त्रज्ञ, धनिक आणि राजघराण्यांतील माणसे एकत्र आली. नेदरलँड्सचे राजपुत्र बर्नहार्ड पहिले अध्यक्ष झाले. ब्रिटिश शाखेचे अध्यक्षपद राजपुत्र फिलिप यांच्याकडे गेले. याच फिलिप यांनी १९६१ च्या जानेवारीत राजस्थानात वाघ मारला होता. राजाने मारला तर तो खेळ आणि आदिवासीने मारला तर तो गुन्हा, हा भेद या चळवळीच्या जन्माबरोबरच आला आहे. तो ध्यानात ठेवला पाहिजे. पण एवढ्यावरून तिचे कामच नाकारणे शहाणपणाचे होणार नाही.

हे काम चालते कसे? लोकांकडून देणग्या गोळा करून संस्था काही ठिकाणी जमीन विकत घेण्यास मदत करते. स्पेनमधील ग्वादाल्किविर नदीच्या मुखाजवळची दोन्यानाची पाणथळ भूमी १९६३ च्या सुमारास अशीच वाचविण्यात आली आणि १९६९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. इतर ठिकाणी संस्था सरकारांना पैसा व तज्ज्ञ पुरविते, प्राण्यांची गणती करते, वनरक्षकांना प्रशिक्षण व साधने देते. १९८४ साली याच संस्थेच्या अमेरिकन शाखेतील थॉमस लवजॉय यांनी आणखी एक मार्ग सुचविला. गरीब देशांनी घेतलेले कर्ज परत येण्याची आशा नसली की बँका ते स्वस्तात विकून टाकतात. असे कर्ज विकत घेऊन माफ करायचे आणि त्या बदल्यात त्या देशाने अरण्य राखायचे, असा हा व्यवहार. १९८७ साली दुसऱ्या एका संस्थेने बोलिव्हियाचे ६,५०,००० डॉलरचे कर्ज १,००,००० डॉलरला घेऊन तो प्रत्यक्षात आणला. करार सरकार आणि संस्था यांच्यात झाला. त्या अरण्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे मात्र करारात पक्षकार नव्हती.

आपल्याकडे या संस्थेचे नाव जोडले गेले ते व्याघ्रप्रकल्पाशी. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ आढळले. संस्थेचे गाय माउंटफर्ट यांनी इंदिरा गांधींची भेट घेऊन दहा लाख डॉलरच्या मदतीचे आश्वासन दिले आणि १ एप्रिल १९७३ रोजी नऊ राखीव क्षेत्रांनिशी प्रकल्प सुरू झाला. त्यांत आपले मेळघाट होते. २०२२ च्या गणतीनुसार देशात सुमारे ३,६८२ वाघ आहेत. पूर्वी ठशांवरून मोजणी होई, आज कॅमेऱ्यांवरून होते. त्यामुळे दोन आकड्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही वाघ नामशेष झाला नाही, हे यश मान्यच केले पाहिजे.

परंतु या यशाच्या हिशेबात दुसरी बाजूही मांडावी लागते. कान्हातून बैगा व गोंडांची गावे उठली. मेळघाटातील कोरकूंची काही गावे अकोला जिल्ह्याच्या सपाटीवर आणून वसविली गेली. ज्याने रान जगविले, तोच रानाला धोका ठरला. आफ्रिकेत याहून भीषण घडले. संस्थेच्या मदतीवर चालणाऱ्या उद्यानांतील वनरक्षकांनी स्थानिक लोकांना मारहाण केली, छळ केला, असे आरोप २०१९ साली प्रसिद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. संस्थेच्या माणसांनी हे अत्याचार करविले असा पुरावा समितीला मिळाला नाही. पण मानवी हक्कांबाबत दिलेली वचने संस्थेने नीट पाळली नाहीत, असा ठपका २०२० च्या अहवालात आहे. हातात बंदूक देणाऱ्याने ती कोणावर रोखली जाते हे पाहायला नको काय?

मग माणूस आणि वाघ यांतून एकाचीच निवड करायची का? मुळीच नाही. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संघांना वन्य प्राण्यांवर हक्क व उत्पन्नात वाटा मिळाला. याच संस्थेने त्या कामाला हातभार लावला आहे. आपल्याकडे २००६ साली वनहक्क कायदा झाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभा ते जंगल राखू लागली. हक्क मिळाला की राखण आपोआप येते, हा त्याचा अर्थ.

इथेच आपल्या समाजाचा प्रश्न उभा राहतो. जंगलाच्या कडेला राहणारा दलित भूमिहीन या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविणे पुरेसे आहे. आपल्या माणसाला मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांना अक्षरच शिकू दिले नाही, त्यांनी आजोबांचा कागद आणायचा कोठून? कायद्यात वडीलधाऱ्यांची साक्ष हाही पुरावा मानलेला आहे. पण हे वस्तीवर कोणी सांगत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगातील देशांनी २०३० पर्यंत पृथ्वीचा तीस टक्के भाग राखण्याचे ठरविले. म्हणजे नवी कुंपणे येणार. चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे, हे १९२७ साली महाडला जाऊन सांगावे लागले. रानही सर्वांचे आहे, हे आता ग्रामसभेत बसून, दावा लिहून सांगावे लागेल. आपल्यातल्या शिकलेल्यांनी तो दावा लिहायला वस्तीवर गेले पाहिजे. माझ्या आईकडे कागद नव्हता. पण तिच्याबरोबर मोळी वाहणाऱ्या म्हाताऱ्या अजून हयात आहेत. त्यांची साक्ष वेळेत नोंदविली गेली पाहिजे.