आजारपणांतला नवस

संसारांत एक प्रसंग असा येतो, कीं त्याची पूर्वसूचना मिळत नाहीं. संध्याकाळीं झोपाळ्यावर बसून उद्यांचे बेत सांगणारा पति मध्यरात्रीं छातीवर हात दाबून उठतो. किंवा स्वयंपाकघरांत वावरणारी पत्नी बोलतां बोलतां एकाएकीं शब्द हरवून बसते. अशा घटकेला एरवीं देवाचें नांव न घेणाराही मनांतल्या मनांत कांहीं तरी पुटपुटतो. ती प्रार्थना होय. आणि तींत ‘बरें वाटलें तर अमुक करीन’ अशी भर पडली, कीं तिचा नवस होतो. या नवसाचें मर्म काय, याचा आज विचार करूं.

रायगडच्या किनाऱ्यावर नवस सर्वच समाजांत बोलले जातात. परंतु तेथील बेने इस्रायल समाजाची चाल या बाबतींत विशेष बोधप्रद आहे. या लोकांचा धर्म यहुदी, मायबोली मराठी. त्यांचे पूर्वज नौगांवनजीक गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव पडलें. १९४८ नंतर त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें इस्रायलला गेलीं; तरी अलिबागजवळील खंडाळे येथील खडक त्यांना अद्याप पूज्य आहे. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा तेथें उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. याच संदेष्ट्यानें एका विधवेच्या निष्प्राण मुलासाठीं प्रार्थना केली व तो मुलगा उठला, अशी कथा त्यांच्या धर्मग्रंथांत आहे.

घरांत कोणी अत्यवस्थ झालें, कीं एलियाहूच्या नांवें मलिदा बोलतात. माणूस बरें झाल्यावर भिजवलेले पोहे, खवलेलें खोबरें, साखर व वेलची यांचें ताट भरून त्याभोंवतीं फळें मांडतात, प्रार्थना म्हणतात आणि प्रसाद जमलेल्यांस वांटतात. ताट मांडलें जातें देवापुढें, पण खातात सोयरेधायरे. यावरून तें देवास दिलेलें मोल नव्हे, हें उघड आहे. उशाशीं जागणाऱ्या माणसापुढें त्या रात्रीं दुखण्यापलीकडचा एखादा दिवस उभा राहावा, आणि त्या दिवशीं घर माणसांनीं भरलेलें असावें, एवढें कार्य नवस खचित करतो.

मग प्रार्थनेनें रोग बरा होतो काय? अमेरिकेंतील सहा रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रोग्यांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. अनोळखी भाविकांनीं प्रार्थना केलेल्या व न केलेल्या रोग्यांत फरक दिसला नाहीं. उपद्रव अनुक्रमें शेंकडा ५२ व ५१ जणांना झाले. उलट, आपल्यासाठीं प्रार्थना होत आहे हें ज्यांना निश्चित ठाऊक होतें, त्यांच्यांत हें प्रमाण ५९ निघालें. तेव्हां प्रार्थनेस औषध समजण्याची चूक करूं नये. ही पाहणी रोग्यांची होती. उशाशीं बसलेल्या जोडीदाराला प्रार्थनेनें धीर आला कीं नाहीं, हें तींत मोजलेलें नव्हतें.

म्हणून पहिला विचार डॉक्टरांचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली असतां ती विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि हा वेळ लक्षण दिसल्या क्षणापासून मोजला जातो. मोठें रुग्णालय खाडीपलीकडे किंवा दूर शहरांत असलें, तर यांतील प्रत्येक घटका मोलाची. नवस गाडींत बसूनही बोलतां येतो.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. सर्व उपाय होऊनही कित्येकांचा जोडीदार परत येत नाहीं. मागें राहिलेलें माणूस मग वर्षानुवर्षें स्वतःला विचारतें, ‘माझी श्रद्धाच कमी पडली काय?’ श्रोतेहो, अशा माणसास कोणीही ‘हो’ म्हणूं नये. मौन राखूनही तसें सुचवूं नये. मलिद्याचें ताट श्रद्धेचें माप नव्हे. ज्या घरीं तें मांडण्याचा दिवस उगवला नाहीं, तेथील प्रार्थनाही तितकीच खरी होती.