ठिपक्यावर काय लिहायचे, हे कोण ठरवणार?

पाटीवर नाव कोणते असावे, या प्रश्नाची किंमत मराठवाड्याने रक्ताने मोजली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नाव ही क्षुल्लक गोष्ट असती तर एवढा विरोध झालाच नसता. म्हणून आज आम्ही संगणकाच्या पडद्यावरील एका छोट्या ठिपक्याविषयी लिहीत आहोत. ही नव्या काळाची पाटीच आहे.

आधी तंत्र समजून घेऊ. एखादी वस्तू फिरत्या पाटावर ठेवतात. कॅमेरा तिवईवर पक्का, प्रकाश सारखा, मागे साधा एकरंगी पडदा. पाट दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस फोटो काढले की वस्तूचा पूर्ण फेरा होतो. हे फोटो एकामागून एक जोडले की मोबाईलवर बोट सरकवताच वस्तू हातात धरून फिरवल्यासारखी दिसते. दीडशे केबीचा एक फोटो धरला तर छत्तीस फोटो साडेपाच एमबीच्या आत बसतात. खेड्यातल्या साध्या फोनलाही हे ओझे पेलते.

मग या चित्रावर ठिपके बसवतात. त्यांनाच हॉटस्पॉट म्हणतात. ठिपका दाबला की माहितीची चौकट, म्हणजे पॉपअप, उघडते. ठिपक्याची जागा प्रत्येक फोटोत वेगळी सांगावी लागते, कारण वस्तू फिरते तसा तोही सरकला पाहिजे. पहिला फोटो समोरचा धरला तर पाठीवरचा ठिपका साधारण बाराव्या ते सव्विसाव्या फोटोतच दिसावा आणि पुढे लपावा. ठिपका बोटाने दाबता येईल एवढा मोठा हवा, चौकटीने वस्तूच झाकली जाऊ नये आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजातही असावा. यात जादू काही नाही. चार दिवसांच्या सरावाने महाविद्यालयातील मुलामुलींना हे जमते.

आता आमच्या जालना जिल्ह्याकडे या. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे गाव. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या मातीतल्या माणसांनी सांचीच्या दगडावर आपले गाव कोरून ठेवले! १९७३ साली नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव आणि मराठवाडा विद्यापीठाचे रमेश शंकर गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले. तेव्हा जालना जिल्हा अस्तित्वातही नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. या उत्खननात एक भंगलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आणि अभ्यासकांचे लक्ष थेट इटलीकडे गेले.

कारण तशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोचली होती. ती आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उंची सुमारे २५ सेंटिमीटर. मधोमध दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन्ही बाजूंना छोट्या सेविका. आपल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातही याच घराण्यातली हस्तिदंती मूर्ती आहे. भोकरदन, तेर आणि पॉम्पेई अशी ही एक साखळी आहे.

पुस्तकात छापलेल्या फोटोत पॉम्पेईच्या मूर्तीची फक्त पुढची बाजू दिसते. पण मूर्तीचे बोलणे तिच्या पाठीवर, डोक्यावर आणि तळाशी आहे. पाठीवर लांब वेणी बारकाईने कोरली आहे, म्हणजे ती सर्व बाजूंनी पाहण्यासाठी घडवली होती. डोक्यातून खाली गेलेले छिद्र आहे. त्यावरून कोणी ती आरशाची मूठ मानली, तर कोणी एखाद्या आसनाचा पाय. तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे. ती लिपी वायव्य भारतातली. ती जोडणी करणाऱ्या कारागिराची खूण असावी, असाही एक तर्क आहे. वेणी, छिद्र, अक्षर अशा तीन ठिकाणी तीन ठिपके ठेवा. शाळेतल्या मुलीच्या हातात कोडे आपोआप पडेल.

आणि इथेच खरा प्रश्न उभा राहतो. चौकटीत मजकूर कोणता?

ही मूर्ती जगभर ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते. गजलक्ष्मीच्या शिल्पातले अभिषेक करणारे हत्ती येथे नाहीत. अनेक अभ्यासक तिला सांचीच्या तोरणावरील यक्षीच्या जवळची मानतात. तरीही पहिले नाव चिकटले ते चिकटले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांवर सातवाहन आणि क्षहरातांचे शिलालेख स्पष्ट वाचता येत असताना लोकांच्या तोंडी नाव आहे ‘पांडवलेणी’. एकदा लागलेले लेबल पुरावा नसतानाही शतकानुशतके राज्य करते, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

म्हणूनच चळवळीतील तरुणांना आमचे सांगणे आहे की, उत्तर म्हणून उलटे लेबल लावू नका. भोकरदनची मूर्ती बौद्धच आहे, पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली, असे ठोकून देण्याचा मोह होईल. पुरावा तेवढे सांगत नाही. खरोष्ठी अक्षर वायव्येकडे बोट दाखवते, घडण दख्खनकडे. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात आपला सिद्धांत मांडताना मूळ ग्रंथांतील उतारेच वाचकांपुढे ठेवले. तथागतांनी कालामांनाही परंपरा सांगते म्हणून स्वीकारू नका, असेच सांगितले. ती कसोटी विरोधकाला लावायची आणि स्वतःला सवलत द्यायची, हे आंबेडकरवाद्याला शोभत नाही.

यावर उपाय सोपा आहे. ठिपके तीन रंगांचे करा. निळा ठिपका डोळ्यांना दिसते ते सांगेल: वेणी, छिद्र, अक्षर. पांढरा ठिपका उत्खननाने सिद्ध झालेले सांगेल: कुठे मिळाली, कोणत्या साली. पिवळा ठिपका अभ्यासकांचे तर्क सांगेल, तेही एकापेक्षा जास्त. लक्ष्मी म्हणणाऱ्यांचे आणि यक्षी म्हणणाऱ्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवा, निवाडा वाचक करील. ज्याला हजारो वर्षे केवळ ऐकायला लावले, त्याच्या हाती निवाडा देणे हीच मोठी क्रांती आहे.

आणखी एक ठिपका विसरू नका. मूर्ती कोरणाऱ्याचे नाव मूर्तीवर नाही. पण सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे काम केल्याची नोंद कोरलेली आहे. श्रम करणाऱ्याने सही केली असे उदाहरण आपल्या इतिहासात विरळ. तो लेख भोकरदनच्या मूर्तीशेजारी जोडला, तर जालन्यातल्या कष्टकऱ्याच्या पोराला कळेल की कलेचा इतिहास राजांच्या आधी हातांचा असतो.

हस्तिदंत नाजूक असतो, प्रखर दिव्याने आणि दमटपणाने त्याला तडे जातात. म्हणून फोटो संग्रहालयाच्या संमतीने आणि तेथील जाणकारांच्या हातूनच काढले जावेत. मजकूर लिहिण्याचे काम मात्र आपले आहे. भोकरदनच्या महाविद्यालयीन मुलामुलींनी, इतिहासाच्या प्राध्यापकांनी आणि बुद्धविहारांतील अभ्यासवर्गांनी उत्खननाचा अहवाल वाचायला घ्यावा. प्रत्येकी एक ठिपका, ऐंशी शब्द, शुद्ध मराठी आणि शब्दाशब्दाला आधार.

विद्यापीठाच्या पाटीवर नाव यायला सोळा वर्षे लागली. हा ठिपका अजून रिकामा आहे. तो आपण भरला नाही, तर दुसरा कोणी त्याच्या सोयीने भरील आणि मग तो पुसण्यासाठी पुन्हा पिढ्या खर्ची पडतील.