स्वस्त कयाक आणि गोदावरीचें पाणी



धर्माबाद म्हटलें कीं लाल मिरचीचा बाजार आठवतो. होडी कोणास आठवत नाहीं. वास्तविक गोदावरी ह्याच तालुक्यांतून वाहते, आणि बाभळी येथें तिच्यावर बंधारा आहे. त्याच्या दारांमागें तुंबणारें पाणी शेतकऱ्याच्या कामाचें आहेच. परंतु सुटीच्या सकाळीं दोन घटका शांतपणें वल्हवावें असें ज्यास वाटतें, त्याच्याही तें कामाचें आहे. अशा हौशी माणसानें थोडक्या पैशांत कयाक कशी निवडावी, एवढाच आजचा विषय.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत. बसणाऱ्याचें तोंड प्रवासाच्या दिशेस, पाय पुढें पसरलेले, आणि हातांत दोन्ही टोकांस पातें असलेलें एकच वल्हें, ही तिची खूण. आज ती बहुधा प्लॅस्टिकची असते.

दुकानांत गेल्यावर मनुष्य प्रथम किंमत विचारतो. प्रथम विचारावयाचें तें स्वतःस, आणि तें हें कीं आपलें पाणी कोणतें? बाभळीचें पाणी बारमास सारखें नसतें. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणें बंधाऱ्याचीं दारें १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडीं ठेवावीं लागतात. त्या काळांत नदी आपल्या वेगानें खालीं पोचमपाडच्या जलाशयाकडे धांवत असते. नवशिक्याची होडी तेव्हां घरांतच बरी. दारें बंद झालीं कीं पाणी सांठूं लागतें. पूर्ण सांठा २.७४ अब्ज घनफुटांचा. पुढें १ मार्चला त्यांतलें ०.६ अब्ज घनफूट पाणी तेलंगणाकरितां सोडावयाचें असतें. म्हणजे नवशिक्याचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन फाल्गुनाच्या आसपास संपतो. ह्या तारखा शेतकऱ्यास पाठ असतात. वल्हवणाऱ्यानेंही त्या पाठ कराव्या. पाटबंधारे खात्याची परवानगी विचारल्यावांचून पाण्यांत उतरूं नये, आणि बंधाऱ्याच्या दारांजवळ तर कधींच जाऊं नये.

पाणी संथ असें ठरलें कीं निवड सोपी होते. लांब होडी सरळ व वेगानें जाते, आखूड होडी चटकन वळते. रुंद होडी कमी डुलते, अरुंद होडी कमी श्रमांत चालते. संथ पाण्यावर हौसेनें हिंडणाऱ्यास ९ ते ११ फूट लांब आणि २८ ते ३२ इंच रुंद होडी पुरते. आंत पाय घालून बसावयाची आणि वर उघड्यावर बसावयाची, असे तिचे दोन प्रकार आहेत. नवशिक्यानें दुसरा घ्यावा. तिच्या बैठकींत आरपार छिद्रें पाहून मनुष्य दचकतो. परंतु तिचें पोट सर्व बाजूंनीं बंद व पोकळ असतें, म्हणून ती बुडत नाहीं, आणि वर आलेलें पाणी त्याच छिद्रांनीं खालीं निघून जातें. उलटलीच तर ती पुन्हां सुलटी करून पोटावर सरपटत वर चढतां येतें. आंतल्या बैठकीची होडी एकदां पाण्यानें भरली कीं कांठावर नेऊन उपसावी लागते.

दुसरा प्रश्न, होडी नेणार कोण? प्लॅस्टिकची कयाक साधारण २० ते २५ किलो भरते, आणि तिला गाडीचें छप्पर लागतें. ज्यास तें नाहीं त्यानें हवा भरावयाची कयाक पाहावी. ही अडचण जुनीच आहे. १९०५ सालीं म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख ह्या विद्यार्थ्यानें घडीची कयाक केली ती आगगाडींतून नदीपर्यंत नेतां यावी म्हणूनच. पुढें क्लेपर नांवाच्या शिंप्यानें तिचा धंदा उभारला. हवेची कयाक पिशवींत मावते, परंतु वाऱ्यापुढें हलकी पडते, आणि बाभळीच्या कांट्याशीं तिचें वैर आहे.

खरी बचत जुनी होडी घेण्यांत आहे. ती पालथी घालून उन्हांत धरावी. तळ झिजून पातळ झाला असेल तेथून उजेड झिरपतो. छिद्रांच्या कडांशीं चिरा पाहाव्या. रंग उडून प्लॅस्टिक ठिसूळ झालें असेल तर सोडून द्यावी. हवेची होडी फुगवून रात्रभर ठेवावी, आणि सायकलच्या ट्यूबप्रमाणें सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे. होडीवर लिहिलेल्या भारक्षमतेच्या दोन-तृतीयांशांहून अधिक भार चढवूं नये. घेतल्यावर ती सावलींत ठेवावी. मराठवाड्याच्या उन्हांत फुगवलेली होडी टाकून गेल्यास आंतली हवा प्रसरण पावून सांधा उकलतो.

आतां एक गोष्ट आग्रहानें सांगतों. ठरविलेल्या रकमेंतून प्रथम तरंगतें जाकीट आणि वल्हें यांचे पैसे बाजूला काढावे, आणि उरेल त्यांत होडी घ्यावी. लोक उलट करतात. होडी ऐटीची घेतात आणि जाकीट पुढच्या पगारावर टाकतात. होडी साधी असली तर फार तर थोडे सावकाश जाऊं. जाकीट नसलें तर ती चूक सुधारण्यास दुसरी वेळ मिळेलच असें नाहीं. पोहतां येत असलें तरीही तें अंगावर, बंद बांधलेलें असावें; होडींत ठेवलेलें जाकीट घरीं ठेवल्यासारखेंच. वल्हें हलकें, सव्वादोन मीटरच्या आसपास लांब असावें, कारण तें दिवसांत हजारों वेळां उचलावयाचें असतें.

पहिल्या दिवशीं कमरेइतक्या पाण्यांत मुद्दाम उलटून पुन्हां चढण्याचा सराव करावा. वल्हें डोक्यावर आडवें धरून कोपरे काटकोनांत आले कीं हातांची जागा ठरते. ओढतांना केवळ दंड न वापरतां कमरेवरचें अंग वळवावें, म्हणजे थकवा येत नाहीं. सकाळीं निघावें, दिवस चढला कीं बहुधा वारा उठतो. जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे दमल्यावर तोच वारा परत आणून सोडतो. कोळ्यांच्या जाळ्यांपासून दूर राहावें; आपली करमणूक तेथें दुसऱ्याचें पोट आहे. एकट्यानें जाऊं नये, आणि किती वाजतां परतणार तें घरीं सांगावें.

एवढें केलें कीं मग आनंद घेण्यास मोकळीक आहे. कयाकेंत मनुष्य पाण्याच्या पातळीवर बसतो, आणि तिला यंत्राचा आवाज नसतो. त्यामुळें खंड्याची बुडी, उत्तरेकडून हिवाळ्यांत उतरणारे चक्रवाक, धुक्यांतून उलगडणारा कांठ, हें सारें कांठावरून दिसतें त्याहून निराळें दिसतें. दोन-तीन घरांनीं मिळून एक होडी घेतली तर हें सुख आणखी स्वस्त पडतें. मात्र जाकीट ज्याचें त्याचें निराळें असावें.