गुडघ्यातली शिवण

"होईल गं बरं, तेल लावते जरा." घरातल्या बाईचं कुठलंही दुखणं या एका वाक्यावर महिनाभर तरी निघतं. खरं ना मैत्रिणींनो?

माझी धाकटी जाऊ गेल्या पावसाळ्यात उकिडवी बसून कपडे धूत होती. भरलेली बादली उचलताना पाय तिथेच राहिला अन् अंग वळलं. गुडघ्यात 'कट्' झालं, दुसऱ्या दिवशी सूज. तेल झालं, शेक झाला, गणपतीही झाले. मग एका सकाळी गुडघा अडकलाच, पाय सरळ होईना. तेव्हा कुठे मी तिला जिल्ह्याच्या गावी नेलं.

एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, "गादी फाटलीय." प्रत्येक गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. हिची गादी फाटून बादलीच्या कडीसारखी मध्ये सरकली होती.

उपाय दोन. फाटका तुकडा काढला तर बाई लवकर चालू लागते. पण गादी कमी झाली की हाडांवरचा भार वाढतो, पुढे सांध्याची झीज होण्याची भीती. दुर्बिणीतून टाके घातले तर गादी वाचते. पण जवळजवळ सहा आठवडे कुबड्या, पट्टा आणि कितीतरी महिने मांडी घालणं, उकिडवं बसणं बंद. रक्त गादीच्या बाहेरच्या कडेलाच पोचतं, म्हणून टाके तिथेच चांगले धरतात. उशीर केला तर फाटका भाग चुरगळतो, शिवण्याजोगा राहत नाही. हिचा अजून होता.

सासूबाई म्हणाल्या, "लवकर उठेल ते करा." घरात दोन लहान मुलं, मी बचत गटाच्या कामात. जाऊही हळूच म्हणाली, "ताई, काढूनच टाकू या. सहा आठवडे माझं कोण करील?"

वय अवघं एकतीस! मी म्हटलं, "आम्ही करू."

टाके घातले. भाऊजी कुकर लावायला शिकले, धुण्याला बाई लावली, व्यायामाची वेळ सासूबाईच सांभाळू लागल्या. परवा जाऊ जिना चढून गच्चीत वाळवण घालून आली. कपडे मात्र आता स्टुलावर बसूनच धुते.

प्रत्येक गुडघेदुखीला ऑपरेशन लागत नाही. वयोमानाने झिजलेल्या गादीला बहुतेकदा व्यायामच पुरतो. पण मुरगळून सूज आली, गुडघा अडकला, तर सणवार उरकायची वाट पाहू नका. अन् डॉक्टरांना जरूर विचारा, "शिवता येईल का?"

टाके डॉक्टर घालतात. ते जुळायला लागणारी विश्रांती मात्र घरानेच द्यायची असते.