डोळ्यातील पाण्याचा निचरा

श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरेकाठी वसलेले जुने गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांच्या पट्ट्यात उसाचे मळे डोलू लागले. त्याबरोबर शेतकऱ्यांना एक धडाही मिळाला. पाणी येत राहिले, पण त्याचा निचरा झाला नाही, तर उत्तम काळी जमीनही हळूहळू चिबड होते, क्षार वर येतात आणि पीक मुकाट्याने खुंटते. डोळ्यात असेच काहीसे घडते, त्या रोगास काचबिंदू म्हणतात.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक निर्मळ द्रव सतत पाझरत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेर वाहतात, हा द्रव आतल्या आत फिरतो. त्याचे माप अवघे पाव मिलिलिटरच्या आसपास. परंतु भिंगाचे पोषण तोच करतो व डोळ्याचा आकारही तोच टिकवितो. बुबुळाच्या कडेच्या चाळणीसारख्या जाळीतून तो बाहेर पडून रक्तात मिसळतो. ही जाळी तुंबली, की आतील दाब वाढतो. निरोगी डोळ्यात हा दाब बहुधा पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. काहींच्या डोळ्यांस मात्र एवढा दाबही सोसत नाही. दाबाचा मारा बसतो तो मेंदूकडे दृश्याचा निरोप नेणाऱ्या सुमारे दहा लाख तंतूंच्या जुडीवर. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही.

या रोगाचा कावा असा, की बहुधा डोळा दुखत नाही. दृष्टी कडेकडून जाते. पोथीतले अक्षर स्वच्छ दिसते, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. क्वचित निचऱ्याची वाट एकाएकी बंद होते. मग डोळा लाल होऊन असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, ओकाऱ्या होतात. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

नावातील साम्यामुळे पुष्कळ लोक काचबिंदूस मोतीबिंदूच समजतात आणि ‘बिंदू पिकू द्या’ म्हणून थांबतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले, की पुन्हा दिसू लागते. काचबिंदू पिकत नसतो. थांबण्यात गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

जिवंत डोळ्याचा तळ पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली तयार केले. पुढे १९०९ साली मद्रासच्या नेत्ररुग्णालयात एलियट या डॉक्टरांनी डोळ्याला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाला नवी वाट काढून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. शेतात चर खणावा, तसाच हा उपाय! आज डॉक्टर दाब मोजतात, जाळीचा कोपरा व डोळ्याचा तळ तपासतात. मग रुग्णास एका बिंदूकडे पाहावयास सांगून आजूबाजूला बारीक दिवे चमकवितात. दिवा दिसला, की त्याने बटण दाबावयाचे. त्यावरून दृष्टीचा नकाशा तयार होतो.

उपचार बहुधा थेंबांनी सुरू होतो. गरजेप्रमाणे लेसर किंवा शस्त्रक्रिया करतात. थेंब रोज, बहुधा जन्मभर घालावे लागतात. त्यांनी अधिक दिसू लागत नाही; म्हणूनच कित्येक रुग्ण कंटाळून ते सोडतात आणि उरलेली दृष्टीही गमावतात. उलट, स्टेरॉइडचे थेंब मनानेच दीर्घकाळ घातल्यास दाब वाढू शकतो. आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर धोका अधिक. चाळिशीनंतर तर प्रत्येकाने डोळे तपासून घेणे इष्ट. रोग आढळल्यावर डॉक्टर काही महिन्यांनी नवा नकाशा काढतात आणि तो जुन्याशेजारी ठेवून पाहतात. दोन्ही सारखे निघाले, तर थेंब काम करीत आहेत असे ते समजतात.