परसांतील सावली आणि भुईचाफा

पुण्याच्या जुन्या पेठांतून अजूनहि कांहीं वाड्यांना परस आहे. त्यांतील आंब्याफणसाखालचा कोपरा 'येथें कांहीं येत नाहीं' म्हणून बहुधा अडगळीस दिलेला असतो. मोगऱ्याला तेथें ऊन पुरत नाहीं, हें खरें. परंतु सावलींत वाढणाऱ्या कंदांना तोच मानवतो, आणि त्यांत भुईचाफा आमच्या मतें अग्रगण्य होय.

संस्कृतांत हा भूमिचंपक. चाफ्याशीं याचें नातें नाहीं. हा आलें-हळदीच्या कुळांतला. चैत्र-वैशाखांत, पान एकहि नसतां, उघड्या भुईंतून पांढरें-जांभळें सुगंधी फूल वर येतें. तें एखादा दिवस टिकतें, तोंच दुसरें उमलतें. पानें मागाहून पावसाबरोबर येतात. हा क्रम ठाऊक नसला कीं झाड हातचें जातें. मार्गशीर्षांत पानें वाळलीं म्हणजे घरची मंडळी दयाबुद्धीनें पाणी घालूं लागतात, आणि निजलेला कंद कुजतो. फूल दिसेपर्यंत पाणी वर्ज्य समजावें, व जागेवर विटेची खूण ठेवावी.

फाल्गुनांत कंद उकरून, प्रत्येक तुकड्यास डोळा राहील असे विभागून, दोन इंच खोल लावावे. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तींत वाळू व कुजलेला पाला भरपूर मिसळावा. पुण्याचा पाऊस वर्षाकांठीं सुमारें २८ इंच, लोणावळ्याचा त्याच्या पांच-सहा पट. तेव्हां पावसाळ्यांत उघडीप पडल्यास पाणी द्यावें लागतें. माथ्यावर गुलाबी तुरा मिरविणारी रानहळद याच उपचारानें येते.

जमिनीवरच्या आमरींची गोष्ट निराळी. त्यांचें बीं धुळीसारखें बारीक. त्यांत अन्नाचा सांठा नसतो, आणि मातींतील विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्यावांचून तें रुजत नाहीं. घाटांतून हौसेनें उपटून आणलेलीं हीं रोपें बहुधा एकदोन वर्षांत मरतात. शिवाय १९२७ च्या वनकायद्यान्वयें राखीव जंगलांतून असें कांहीं परवानगीवांचून नेणें गुन्हा आहे. त्या तेथेंच पाहाव्या.

भुईचाफ्यासाठीं मात्र रानांत जावयास नको. एखाद्या जुन्या परसांत तो असतोच. वाडे पाडले जातात ते पुष्कळदां हिवाळ्या-उन्हाळ्यांत, आणि हिवाळ्यांत तर त्याचें पानहि दिसत नसतें. मग गड्डा कोणाच्या ध्यानांत न येतां सिमेंटखालीं जातो. ओळखीचा वाडा पाडावयाचें ठरल्याचें कानीं आलें, तर घरांतील वृद्ध बाईंस तो कोठें फुलत असे तें विचारून घ्यावें.